खाजेची ट्यूब मागण्याआधी

"ताई, ती खाजेची ट्यूब द्या की."

सांगलीत गणपती पेठेजवळच्या आमच्या मेडिकलमध्ये पावसाळ्यात हे वाक्य सकाळी शटर उघडल्यापासून ऐकू येतं. बायका दुसरं गिऱ्हाईक नाही असं बघून आत येतात, आणि तेवढ्यात कुणी आलंच तर डोकेदुखीची गोळी घेऊन परत जातात. पुरुष मोबाइलमध्ये रिकाम्या खोक्याचा फोटो दाखवतात. डी. फार्म. करून मी सासऱ्यांच्या दुकानात बसायला लागले, तेव्हापासून या वाक्यावर माझा प्रश्न ठरलेला आहे : खाज कुठं आहे, आणि गेल्या महिन्याभरात दुसरं कुठलं औषध घेतलंय? दोन्हीची उत्तरं मिळाल्याशिवाय मी कपाटाला हात लावत नाही. काउंटरवर उभं राहून सगळं बोलता येत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

आधी ते यीस्टच आहे का ते बघा

यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. माणसाला त्रास देणाऱ्यांत कॅन्डिडा अल्बिकान्सचा नंबर पहिला. ती बहुतेक वेळा बाहेरून लागत नाही. आपल्या तोंडात, आतड्यात आणि बायकांच्या योनीमार्गात ती थोडीफार असतेच. तिथले चांगले जीवाणू तिला आवरून धरतात. ते जीवाणू मेले, रक्तातली साखर वाढली, गरोदरपणात शरीरातले संप्रेरक बदलले, स्टेरॉइड चालू झालं किंवा कातडी सतत ओली राहिली, की ती फोफावते.

गजकर्ण किंवा नायटा ही वेगळ्या बुरशीची करणी. तिथं गोल चट्टा असतो, कडा उठलेली आणि खवल्यांची, मध्ये कातडी बरी दिसते. कॅन्डिडाचा चट्टा लालभडक आणि ओलसर असतो, आग जास्त होते आणि मुख्य चट्ट्याच्या बाहेर बारीक बारीक सुट्या पुटकुळ्या दिसतात. पुरुषांसाठी एक खूण सांगते : जांघेतलं गजकर्ण वृषणाच्या कातडीवर सहसा उतरत नाही, कॅन्डिडा उतरते. हा फरक कळला की पैसे वाचतात. टर्बिनाफिनची ट्यूब गजकर्णावर उत्तम चालते, यीस्टवर तिचा जोर कमी पडतो. उलट निस्टॅटिन यीस्टवर चालतं आणि गजकर्णावर काहीच करत नाही. क्लोट्रिमॅझोल दोन्हींवर चालतं, म्हणून तेच जास्त खपतं.

"अंगावरून पांढरं जातं" अशी तक्रार असेल तर आणखी सावध राहायचं. थोडं पातळ, वास नसलेलं पांढरं पाणी जाणं हे निरोगी बाईचंही असतं, त्याला औषध लागत नाही. यीस्टमध्ये स्राव घट्ट, गुठळ्यांचा असतो, वास जवळजवळ नसतो, पण खाज जीव नकोसा करते आणि लघवीला गेल्यावर बाहेरच्या बाजूला झोंबतं. करडं-पातळ आणि मासळीसारख्या वासाचं जात असेल तर ते जीवाणूंचं दुखणं, त्याला मेट्रोनिडॅझोलच्या जातीचं औषध लागतं. हिरवट-पिवळं, फेसाळ जात असेल तर ट्रायकोमोनास, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणारा परजीवी, आणि मग नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. दोन-दोन गोष्टी एकत्रही असतात. म्हणूनच सरकारी दवाखान्यात अशा तक्रारीसाठी जे हिरवं किट फुकट देतात, त्यात मेट्रोनिडॅझोलच्या जातीचं सेक्निडॅझोल आणि यीस्टवरचं फ्लुकोनॅझोल ही दोन्ही औषधं एकत्र बांधलेली असतात. सिव्हिलला जायची लाज वाटून घेऊ नका, तिथल्या लोकांना यात काही नवीन नसतं.

पहिल्यांदाच असा त्रास होत असेल तर अंदाजावर ट्यूब नेऊ नका, एकदा डॉक्टरला दाखवा. आधी निदान झालेलं असेल आणि आता अगदी तसंच होत असेल, तर पुढचं उपयोगी पडेल.

दाढेची पट्टी आणि खाज

आमच्याकडं नेहमी दिसणारी गोष्ट. दाढ दुखली म्हणून अमॉक्सिसिलिनचा कोर्स झाला. आठवड्यात खाज सुटली. घरातलं कुणीतरी म्हणतं, इन्फेक्शन आहे, अँटिबायोटिक घे. मग उरलेल्या दोन गोळ्या पोटात जातात आणि खाज दुप्पट होते. अमॉक्सिसिलिन जीवाणूची भिंत मोडतं. यीस्टची भिंत निराळ्याच पदार्थांची, तिला त्याचा धक्काही लागत नाही. मरतात ते यीस्टला आवरून धरणारे जीवाणू, आणि तिला मोकळं रान मिळतं.

यीस्ट मारायची तर तिच्या पेशीवरच्या पडद्यातलं एर्गोस्टेरॉल गाठावं लागतं. आपल्या पेशीत त्या जागी कोलेस्टेरॉल असतं, त्या फरकावरच ही औषधं उभी आहेत. निस्टॅटिन आणि अँफोटेरिसिन एर्गोस्टेरॉलला चिकटून पडद्याला भोकं पाडतात. क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल ही 'अॅझोल' मंडळी ते तयारच होऊ देत नाहीत.

निस्टॅटिनची हकीकत मला फार आवडते, म्हणून थोडं विषयांतर. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात संशोधक होत्या. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीला, आणि मातीतल्या जंतूंचे नमुने बरण्यांत भरून टपालानं इकडून तिकडं जायचे. व्हर्जिनियातल्या एका शेतातल्या मातीत त्यांना हवा तो जीवाणू सापडला आणि 1950 मध्ये त्यांनी औषध जाहीर केलं. स्वामित्वधनाचे लाखो डॉलर दोघींनी स्वतःला न ठेवता संशोधनाला दिले. 1966 साली इटलीत फ्लॉरेन्सला आर्नो नदीचा पूर आला, तेव्हा भिजून बुरशी धरलेल्या चित्रांवरसुद्धा हेच निस्टॅटिन वापरलं गेलं. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी ओसरल्यावर आमच्या पेठेतल्या भिंतींवर जी काळी-हिरवी बुरशी चढली होती ती पाहिलेल्या माणसाला हे लगेच पटेल. आणि आपल्या मातीनंही असं औषध दिलंय. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. थिरुमलाचार यांच्या गटानं मातीतल्या जीवाणूपासून हॅमायसिन काढलं, आणि त्या जीवाणूच्या नावात पिंपरी घातली : स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. हल्ली हॅमायसिन मागायला कुणी येत नाही.

बायकांसाठी : योनीमार्गात ठेवायची गोळी

यावर सगळ्यात जास्त लिहिते, कारण इथंच सगळ्यात कमी विचारलं जातं.

क्लोट्रिमॅझोलच्या योनीमार्गात ठेवायच्या गोळ्या तीन ताकदीत येतात. 100 मिलिग्रॅमची सहा रात्री, 200 ची तीन रात्री, 500 ची एकच रात्र. गुण साधारण सारखाच, म्हणून कुठली परवडते आणि कुठली जमते ते बघायचं. ही तोंडानं घ्यायची गोळी नव्हे. हे लिहिताना मला हसू येत नाही, कारण खोक्यावरचं बारीक अक्षर वाचायला कुणाकडं चष्मा नसतो आणि दुकानदार घाईत असतो. मी खोक्यावर पेनानं 'खालून, रात्री' असं लिहून देते. तुमच्या दुकानदारालाही लिहून मागा.

रात्री सगळी कामं आटोपून अंथरुणावर पडायच्या वेळी ठेवायची. हात धुवायचे, नखं वाढलेली नकोत. पाठीवर झोपून गुडघे वर घ्यायचे, आणि गोळी बोटानं किंवा सोबतच्या ॲप्लिकेटरनं सोसवेल तेवढी आत सरकवायची. गरोदर बाईनं ॲप्लिकेटर न वापरता बोटानंच ठेवावी. ठेवल्यावर उठून भांडी घासायला जायचं नाही, नाहीतर औषध खाली उतरतं. सकाळी पांढरा चुरा बाहेर आला तर घाबरायचं कारण नाही, पॅड लावून झोपावं. पाळी सुरू असेल तर ती संपल्यावर कोर्स सुरू करा, रक्ताबरोबर औषध वाहून जातं. या दिवसांत शरीरसंबंध टाळा. निरोधवर भरवसा असेल तर हे मुद्दाम लक्षात ठेवा की या गोळ्यांतल्या आणि क्रीममधल्या तेलकट घटकांनी रबर कमकुवत होतं.

बाहेरच्या बाजूला आग होत असेल तर सोबत 1 टक्का क्लोट्रिमॅझोल क्रीम दिवसातून दोनदा पातळ लावायचं. दोन-तीन दिवसांत फरक कळतो. फरक कळला तरी उरलेल्या रात्री सोडायच्या नाहीत. आठवड्यानंतरही तसंच असेल तर औषध बदलायचा प्रयोग स्वतः करू नका.

नवऱ्याला त्रास नसेल तर त्याला औषध लागत नाही. असेल तर लागतं. यीस्ट झालं म्हणजे कुणाचं चारित्र्य बिघडलं असा अर्थ काढणाऱ्या सासवा मी पाहिल्यात. लग्न झालेलं असो वा नसो, चारपैकी तीन बायकांना आयुष्यात हे कधी ना कधी होतंच.

घरगुती उपायांबद्दल स्पष्टच बोलते. हळदीच्या गावात राहून हळदीविरुद्ध बोलणं जोखमीचं आहे, पण हळदीचा लेप, लसूण, दही यातलं काहीही आत घालायचं नाही. दही जेवणात खा, भरपूर खा. जंतुनाशकाच्या पाण्यानं, सुगंधी साबणानं आतून धुणंही बंद करा. बाहेरून साध्या पाण्यानं धुवा, कोरडं करा, सुती चड्डी घाला. दिवसभर द्राक्षाच्या बागेत डिपिंगला (घड औषधाच्या पाण्यात बुडवायला) किंवा उसाच्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या बायकांनी घरी आल्याबरोबर ओले कपडे काढायचे, चहा नंतर.

गरोदरपणात फक्त ठेवायची औषधं, सहसा सात रात्री, आणि तीही डॉक्टरला विचारून. फ्लुकोनॅझोलची गोळी या काळात घ्यायची नाही. पाळी चुकली असेल आणि खात्री नसेल, तर गोळी मागण्याआधी तपासणी करून घ्या.

तोंडात

तान्ह्या बाळाच्या जिभेवरचं पांढरं बहुतेक दूधच असतं. ओल्या मऊ कापडानं हळूच पुसलं की निघतं. निघालं नाही, गालाच्या आतही असेल आणि बाळ दूध ओढताना रडत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आईच्या स्तनाग्रांनाही आग होत असेल तर दोघांवर एकदम उपचार होतो, नाहीतर एकाचं दुसऱ्याला परत लागतं. मायकोनॅझोलचं तोंडात लावायचं जेल चार महिन्यांच्या आतल्या बाळाला देऊ नका, घट्ट जेल घशात अडकून गुदमरायची भीती असते.

मोठ्यांच्या तोंडात हे झालं की आधी कारण शोधायचं. दम्याचा पंप घेणाऱ्यांनी प्रत्येक वेळी चूळ भरून थुंकली पाहिजे, पंपातलं स्टेरॉइड घशात बसून राहतं. कवळी रात्री काढून, घासून ठेवायची. आमच्याकडचे कितीतरी आजोबा कवळी घालूनच झोपतात आणि मग टाळू लाल झाला म्हणून बी-कॉम्प्लेक्स मागतात. क्लोट्रिमॅझोलचं माउथ पेंट जेवणानंतर लावायचं, थोडा वेळ तोंडात घोळवायचं, आणि अर्धा तास पाणी, चहा, मिश्री काही नाही. मिश्री तर नकोच.

कारण सापडत नसेल तर साखर तपासा. वजन उतरतंय आणि तोंडात वारंवार हे होतंय, तर एचआयव्हीची तपासणीही करून घ्या. ती सरकारी केंद्रात फुकट होते आणि नाव बाहेर जात नाही.

कातडी, बोटांच्या बेचक्या, नखं

पायाच्या बेचक्यांतल्या चिखल्या आपल्याकडं शेतकऱ्यांना, गवळ्यांना, भाजीवाल्यांना असतात. कधी यीस्ट, कधी गजकर्णाच्या जातीची बुरशी, कधी दोन्ही. क्लोट्रिमॅझोल दोन्हींवर चालतं, पण ओल्या बेचक्यात चोपडून वर गमबूट चढवले तर पैसे पाण्यात. धुवा, फडक्यानं टिपा, दोन मिनिटं हवा लागू द्या, मग पातळ थर. यीस्टला निदान दोन आठवडे, गजकर्णाला महिनाभर. दिसायचं थांबलं तरी मुदत पुरी करायची. धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या मावशींना हाताच्या बेचक्यात आणि नखाच्या कडेला हेच होतं. नखुरडं सुजून ठणकत असेल आणि पू असेल तर मात्र डॉक्टर.

पुरुष, साखर आणि 'डापा'

हा भाग गेल्या काही वर्षांत वाढलाय. 2020 मध्ये डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, गोळी स्वस्त झाली आणि मधुमेहाच्या चिठ्ठ्यांवर ती सर्रास दिसायला लागली. औषध चांगलं आहे, हृदयाला आणि मूत्रपिंडालाही उपयोगाचं. पण ते जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतं, आणि साखर लागलेली ओली कातडी यीस्टला लई आवडते. शिश्नाच्या टोकाला लाली, खाज, पांढरा थर दिसला तर क्रीम लावाच, पण गोळी आपल्या मनानं बंद करू नका. लघवी झाल्यावर कातडी मागं घेऊन पाण्यानं धुवा, कोरडी करा, आणि डॉक्टरला सांगा. त्याच जातीच्या एम्पाग्लिफ्लोझिनलाही हेच लागू. डापा घेणाऱ्या बायकांनाही.

फ्लुकोनॅझोल 150

एक गोळी, एकदाच. योनीमार्गातल्या साध्या यीस्टला बहुतेकदा तेवढी पुरते. ती शरीरात बरेच दिवस टिकते, त्यामुळं दुसऱ्या दिवशी खाज आहे म्हणून दुसरी घ्यायची नाही. त्रास जास्त असेल तर डॉक्टर तीन-तीन दिवसांच्या अंतरानं दोन किंवा तीन देतात. स्वस्त आहे म्हणून लोक मुठीनं मागतात. मी चिठ्ठीशिवाय देत नाही, शेजारचा देतो असं सांगितलं तरी नाही, आणि त्याचं कारण पुढं आहे.

ही गोळी यकृतातली दुसरी औषधं पचवणारी यंत्रं अडवते. साखरेची ग्लिमेपिराइड घेणाऱ्याची साखर अचानक खाली जाऊ शकते : घाम, थरथर, चक्कर. रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा अॅसिनोकूमारॉल चालू असेल तर रक्तस्राव होऊ शकतो. वॉरफरिनवाल्यांनी मायकोनॅझोलचं तोंडातलं जेलसुद्धा विचारल्याशिवाय वापरू नये. ॲसिडिटीसाठी घरोघरी असणाऱ्या पँटोप्राझोल-डॉम्पेरिडोन कॅप्सूलमधलं डॉम्पेरिडोन आणि फ्लुकोनॅझोल एकत्र आले तर हृदयाची लय बिघडायचा धोका असतो. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशीही त्याचं पटत नाही. म्हणून दवाखान्यात जाताना चालू औषधांच्या पट्ट्या न्या. डॉक्टर विचारत नाहीत अशी तक्रार करण्याआधी आपण सांगितलं का ते बघा.

पाच-इन-एक ट्यूब

माझा खरा राग यावर आहे. एका ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जीवाणूंचं एखाद-दुसरं औषध आणि वर क्लोबेटासोलसारखं जबर स्टेरॉइड. लावलं की तासाभरात खाज थांबते, म्हणून माणूस खूश. खाज थांबते ती स्टेरॉइडनं, बुरशी आत पसरतच राहते. ट्यूब बंद केली की दुप्पट जोरानं परत येते, मग दुसरी ट्यूब. जांघेतली कातडी पातळ होऊन पट्टे पडतात, ते कायमचे. देशभर औषधाला दाद न देणारं गजकर्ण वाढलंय, त्याला अशा ट्यूबांचा वापर हे एक मोठं कारण त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. 2018 मध्ये सरकारनं लावायची स्टेरॉइडं चिठ्ठीच्या यादीत घातली, तरी ती मागायला लोक येतातच. ट्यूब घेताना खोकं उलटं करा. घटकांत क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं नाव असेल तर डॉक्टरनं लिहिल्याशिवाय घेऊ नका. साधं क्लोट्रिमॅझोल मागा, जनऔषधी दुकानातलंही चालतं.

माझ्याकडं न येता थेट दवाखान्यात

ओटीपोटात दुखतंय, ताप आहे, रक्त जातंय, फोड आलेत, किंवा मुलगी लहान आहे, तर ट्यूब नको, डॉक्टर हवा. गिळताना छातीत दुखत असेल तर यीस्ट अन्ननलिकेत उतरलेली असू शकते, तिथं माउथ पेंट पोचत नाही. केमोथेरपी चालू असलेल्यांनी किंवा मूत्रपिंड बदललेल्यांनी घरी काहीच करून बघायचं नाही.

वर्षात तीन किंवा जास्त वेळा योनीमार्गातला त्रास परत आला तर स्रावाची तपासणी मागा. कॅन्डिडाच्या सगळ्या जाती सारख्या नसतात. ग्लॅब्राटा फ्लुकोनॅझोलला पुरेशी दाद देत नाही, क्रुसाय तर मुळातच देत नाही. अल्बिकान्स निघाली आणि तरी ती परत परत येत असेल तर डॉक्टर आठवड्याला एक गोळी अशी सहा महिने देतात. तोवर साखरही तपासून होते.

तपासणीला जायच्या आधी काही दिवस आतलं-बाहेरचं औषध बंद ठेवायचं का, ते डॉक्टरला विचारून घ्या. औषध चालू असताना नमुन्यात बुरशी सापडत नाही आणि रिपोर्ट फुकट जातो. जाताना आधी वापरलेल्या ट्यूबा आणि पट्ट्या पिशवीत घालून न्या, रिकाम्या असल्या तरी. 'ती निळ्या खोक्यातली' एवढ्यावरनं कुणालाच काही कळत नाही.